मोंडकर सरांचा हात

मोंडकर सरांना कुणाला हात जोडून नमस्कार करताना मी फारसं कधी पाहिलं नाही. नवा माणूस समोर आला की त्यांची उजवी मूठ सुटायची आणि त्याच्या नाकासमोर तांदळाचा दाणा जेमतेम मावेल एवढ्या अंतरावर थांबायची. त्याला काय झालं ते कळायच्या आत मूठ परत कमरेशी गेलेली असायची आणि सर त्याच्या डोळ्यांकडे निरखून बघत असायचे. पापणी लवली असेल तर हसायचे. लवली नसेल तर "येवा, बसा" म्हणून चहा सांगायचे. ग्रामसेवक, वायरमन, कुणकेश्वराच्या दर्शनाला आलेले मुंबईचे पाहुणे, सगळे या स्वागतातून गेले होते. मुलगी शिल्पा हिला बघायला आलेल्या पहिल्या स्थळाच्या वडिलांनाही त्यांनी सोडलं नाही. ते स्थळ अर्थातच मोडलं आणि सुमनकाकी, म्हणजे सरांची बायको, पुढचे कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही.

मी पाचवीत होते तेव्हा बाबांनी मला त्यांच्याकडे नेलं. मी फार भित्री होते, कुत्रं भुंकलं तरी घरात पळायचे, म्हणून कराटे. सरांची मूठ आली आणि माझी पापणी लवली नाही. भीतीने मी जागच्या जागी थिजले होते, बाकी काही नाही. सरांना वाटलं पोरगी धीट आहे. या गैरसमजावर माझं पुढचं सगळं कराटे उभं राहिलं.

सर तरुणपणी मुंबईला गोदीत कामाला होते. तिथेच कुठल्याशा व्यायामशाळेत ते कराटे शिकले आणि डोक्याला काही न बांधता खेळायच्या त्या काळातल्या स्पर्धा खेळले. वडील गेल्यावर कलमांची बाग बघायला गावी आले ते कायमचे. एका सामन्याची गोष्ट ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे. त्यात ते जिंकले होते, पण कसे जिंकले हे त्यांना आठवत नव्हतं. कप घेतला, फोटो काढला, लोकलने खोलीवर आले, जेवले, आणि दुसऱ्या दिवशी मित्राला विचारलं की काल सामना झाला का. ही गोष्ट सांगताना ते पोट धरून हसायचे आणि आम्ही पोरंही हसायचो.

त्यांचा क्लास वाळूवर, समुद्राच्या अगदी कडेला भरायचा. सुकती लागली, म्हणजे पाणी ओसरलं, की मागे कडक ओली वाळू राहते. तिथे पाय रुततही नाही आणि पडलं तर लागतही नाही. पण सुकतीची वेळ रोज पुढे सरकते, तसा क्लासही रोज पुढे सरकायचा. कधी पहाटे, कधी शाळा सुटल्यावर. पालक कुरकुरायचे, एक ठरलेली वेळ द्या म्हणायचे. सर म्हणायचे, दर्याला जाऊन सांगा. त्यांनी भरती-ओहोटीचं कोष्टक कधी बघितलेलं मला आठवत नाही. अंगणात उभं राहून एकदा वास घेतल्यासारखं करायचे आणि पांढरे कपडे चढवायचे.

शिकवण्याची त्यांची एकच मुख्य गोष्ट होती. ठोसा मारायला ते दोन आठवड्यांत शिकवत आणि थांबवायला दोन वर्षं लावत. कुणाचा हात चुकून समोरच्याला लागला की क्लास थांबायचा, ज्याला लागलं त्याच्यापाशी सर स्वतः बसायचे, आणि मारणाऱ्याला शिक्षा म्हणून नुसतं उभं करायचे. "मारूक गुराक पण येता," असं त्यांचं म्हणणं. "थांबवूक माणूस होयो." थांबवायला माणूस हवा, हे त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं आहे की आमच्या गावात दारूच्या भांडणातही कुणीतरी ते म्हणून जातं.

मग कुडाळच्या एका डॉक्टरांचं ज्येष्ठ नागरिकांसाठी व्याख्यान झालं. क्रम लक्षात ठेवून, तोल सांभाळून केलेल्या हालचाली म्हाताऱ्या मेंदूला चांगल्या असतात, असं ते म्हणाले. सर पहिल्या रांगेत होते. कराटेत जिला काता म्हणतात ती अगदी हीच गोष्ट: वार, बचाव, वळणं एका ठरल्या क्रमाने करत जायची, आणि जिथे सुरुवात केली तिथेच येऊन थांबायचं. दुसऱ्या दिवसापासून सरांनी गावातल्या बायका गोळा करायला सुरुवात केली. साठीच्या, सत्तरीच्या, कुणी गाऊनवर ओढणी घेतलेल्या, कुणी काष्टा मारलेल्या. जपानी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, तेव्हा सरांनी प्रत्येक हालचालीला घरातलं नाव दिलं. विळीवर बसावं तसं खाली बसून दोन्ही हात पुढे म्हणजे "आडाळ्यार नारळ खवूचो". पूर्ण मागे वळून हात आडवा म्हणजे "मागीलदाराक कडी". ज्या भागीकाकीला नातवाचं नाव आठवायला तीन नावं घ्यावी लागायची, ती ही काता सुरुवातीपासून शेवटपर्यंत न चुकता करायला लागली. सर कुणालाही धरून सांगायचे, "डोक्याक गंज चडाक देवचो नाय." त्यांच्या या खात्रीची मी तेव्हा थट्टा करायचे. बायकांना मात्र फरक पडला होता, हे मी पाहिलेलं आहे.

मधल्या काळात माझी बदली झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आंबोलीच्या वरच्या एका वाडीत मला पाठवलं, जिथे पावसाळ्यात कपडे वाळतच नाहीत आणि अंगणात उभं राहिलं तरी धुक्यात घर दिसत नाही. गणपतीला आणि मे महिन्यात तेवढी घरी यायचे. सर तेव्हा मला नेहमीसारखेच वाटायचे. बदली होऊन परत आले त्याच वर्षी पट्ट्याची परीक्षा होती. तालुक्याच्या सभागृहात जिल्ह्यातले क्लास जमले होते आणि परीक्षक कोल्हापूरहून आले होते.

आमच्या गावची मुलं काता करायला उभी राहिली. सुरेख करत होती, एका तालात. पण संपली तेव्हा सगळीच्या सगळी खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि परीक्षकांकडे त्यांची पाठ होती. एखादं पोर चुकलं असतं तर परीक्षकांनी सोडून दिलं असतं. इथे सगळ्यांनी मिळून एकच चूक केली होती, आणि तीही अगदी सफाईने. मधलं एक पूर्ण वळण गळलं होतं. मी मोठ्या मुलींना बाजूला घेऊन विचारलं. गणपतीपासून सर ते वळण घेतच नव्हते, असं त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं सरांनी काता बदलली. सरांना चुकलं असं म्हणायचं नाही, ही आमच्या क्लासची शिस्त. सर करतील तसंच करायचं, आणि त्यांनी ते इमानाने केलं होतं. भागीकाकीने तर मला नंतर सांगितलं की मागीलदाराला कडी घालायला सर हल्ली विसरतात हे बायकांनाही कळलं होतं. पण त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्याही कडी न घालता पुढे जात होत्या.

परीक्षकांनी काही बोलायच्या आत सर उठले. चूक मुलांची नाही, परीक्षकांना काता ठाऊक नाही, असं त्यांनी भर सभागृहात स्वच्छ मराठीत सांगितलं आणि स्वतः मध्ये जाऊन उभे राहिले. या वयातही त्यांची काता बघत राहावी अशी होती. शेवटचा हात कमरेशी आला तेव्हा सर खिडकीसमोर उभे होते. बाहेर एस.टी. स्टँड होता. ते तसेच थोडा वेळ उभे राहिले. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी अगदी हळू विचारलं, "हयसर कसो इलंय गो मी?"

आपण इथे कसे आलो ते त्यांना कळत नव्हतं. त्यांचा दंड धरून मी त्यांना खुर्चीवर आणून बसवलं.

गोव्याच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. काकी धीर सोडून बसली होती, शिल्पाला पुण्याहून यायला उशीर होता, म्हणून मी बरोबर गेले. डॉक्टर तरुण होत्या आणि सरांशीच बोलत होत्या, माझ्याशी नाही, हे मला आवडलं. मेंदूचा विसराळूपणाचा आजार आहे, वाढत जाणार आहे, हे त्यांनी लपवलं नाही. सरांनी त्यांना एकच प्रश्न विचारला. कराट्याने हे झालं, की कराट्याने हे इतके दिवस लांबलं? डॉक्टर म्हणाल्या की तरुणपणी डोक्यावर खाल्लेल्या माराचा यात हात असू शकतो. रोजच्या सरावाने मेंदू इतकी वर्षं टिकला, असंही असू शकतं. दोन्ही एकाच वेळी खरं असेल आणि तुमच्या बाबतीत नक्की काय ते कुणीच सांगू शकणार नाही. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला मात्र तो न आठवणारा सामना आठवला आणि आम्ही किती हसायचो तेही आठवलं. मला सगळ्यांचाच राग आला. त्या व्यायामशाळेचा, त्या कपाचा, त्या फोटोचा.

परत येताना बांद्याला चहाला थांबलो. बाहेर हायवेवरून ट्रक चालले होते. सरांनी बशीत चहा ओतला, प्यायले नाहीत.

"हात अजून थांबता," ते म्हणाले. "पण एक दिवस थांबूचो नाय. माका कळाचा पण नाय."

मी असं काही होणार नाही वगैरे म्हणायला लागले.

"आयक. ज्या दिवशी माझो हात कोणाक लागात, त्या दिवशी तू माका सांगूचा. सुमनाक नको, ती झाकतली. शिल्पाक नको, ती रडतली. तूच सांग. माका सांगलंस काय मी क्लास सोडतलंय." मग बशी उचलून म्हणाले, "पण सांग हां. माका फसवू नको."

मी हो म्हटलं. चहा घेताना दिलेला शब्द आहे, पाळायला काय लागतंय, असंच तेव्हा वाटलं असावं.

क्लास चालू राहिला, कारण तो बंद केला असता तर सर त्याच महिन्यात संपले असते. मी मात्र त्यांच्यासमोरून हलेनाशी झाले. कुणावरही हात थांबवून दाखवायचा असला की पुढे मी. मुलांना मी लांब उभं करायचे. पावसाळाभर शाळेच्या हॉलमध्ये असंच चाललं. त्यांची मूठ यायची, थांबायची, मी श्वास सोडायचे. दसऱ्यानंतर आम्ही परत वाळूवर आलो. एका सकाळी सर मुलांना काहीतरी समजावत होते. बोलता बोलता वळले, आणि मूठ आली ती थांबलीच नाही.

मी ओल्या वाळूत पडले. ओठ फाटला होता आणि तोंडात रक्ताची चव होती. सर गुडघ्यावर बसले, मला उठवून बसवलं, स्वतःची पांढरी बाही माझ्या ओठावर दाबून धरली. मग मुलांकडे बघून त्यांनी विचारलं, "कोणी मारल्यान हिका?"

 सर एकेका पोराकडे बघत गेले. त्यांना इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्या क्षणी कळलं की ते खरंच विचारताहेत.

"तुमी, सर," मी म्हटलं. "तुमचो हात लागलो माका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या मुठीकडे. बाही काढून घेतली नाही. रक्त थांबेपर्यंत तसेच बसून राहिले. मग उठले, कमरेचा पट्टा सोडला. काळा पट्टा तो, वापरून कडांना पांढरा पडलेला. तो त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "बरा केलंस सांगलंस." मुलांना वाकून नमस्कार करून घरी गेले. इतक्या सरळपणे आपलं आयुष्य दुसऱ्याच्या हाती दिलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. घरी जाऊन मी खूप रडले, पण मनात एक समाधानही होतं. अवघड होतं ते झालं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुकतीला सर पांढरे कपडे घालून वाळूवर हजर.

नावं गेली होती, आठवड्याचे वार गेले होते, सकाळी जेवलो की नाही ते आठवत नव्हतं. सुकती कधी लागते ते मात्र त्या शरीराला पक्कं ठाऊक होतं. मुलांसमोर नको म्हणून मी सुरूच्या झाडांपाशी त्यांना गाठलं आणि सांगितलं की क्लास आता मी घेते, तुमचा हात लागला. "कोणाक?" त्यांनी विचारलं. मला, म्हटलं. त्यांनी माझी हनुवटी धरून सुजलेला ओठ बघितला. चेहरा पहिल्या दिवसासारखाच पडला. पट्टा सोडला, माझ्या हातात दिला, बरा केलंस म्हणाले आणि परत फिरले.

पट्टा मी संध्याकाळी काकीला नेऊन द्यायचे, कारण सकाळी तो खुंटीवर दिसला नाही तर सर कपाट उपसून काढत. सुकती लागली की ते येत आणि मी त्यांना सांगत असे. रोज. थंडी पडली, मोहोर आला, ओठाची खूण पुसट होत गेली. मग ते हनुवटी धरून शोधायचे, काही दिसायचं नाही, तरी माझ्यावर विश्वास ठेवायचे. एकदा म्हणाले, "माका आधी कोण कसा सांगूक नाय?" त्या दिवशी मला क्लास घेता आला नाही.

शिल्पा फोनवर माझ्यावर चिडली. बाबांना रोज मारतेयस तू, आज सुट्टी आहे म्हणून सांगायला काय जातं, असं ती म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. मी एकदा करून बघितलं. सर, आज सुट्टी, म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे वाळूवर काता करणारी मुलं बघितली, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता गेले. दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होते, माझा क्लास कुणी काढून घेतला म्हणून काकीला विचारत होते, जेवले नाहीत. खरं सांगितलं की ते दुःखी व्हायचे, पण घरी जाऊन शांत बसायचे. कारण तो निर्णय त्यांचा असायचा. मग मी पुन्हा खरंच सांगायला लागले. हे बरोबर केलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. समुद्राकडे जाताना एक दिवस सर येऊ नयेत अशी इच्छाही मनात येऊन गेली.

आंबे उतरायला लागले होते तेव्हाची गोष्ट. सर सुकतीला आले, कपडे पांढरेच, पण पट्टा कमरेला नव्हता, हातात लोंबत होता. मी सुरूपाशी पुढे गेले आणि रोजच्यासारखी सुरुवात केली. सर, आता क्लास मी... त्यांनी ऐकून घेतलं, पण रस्त्यात भेटलेल्या कुणाचं ऐकावं तसं, सभ्यपणे. त्यांचे डोळे मुलांवर होते. मुलं काता करत होती. मागचं वळण आता व्यवस्थित घेत होती. सर अगदी शेवटपर्यंत बघत राहिले.

"बरी करतत गो पोरां," ते म्हणाले. "कोण शिकयता तेंका?"

"मोंडकर सर."

त्यांनी थोडा विचार केला. "मी वळखणंय नाय तेंका," म्हणाले. "पण माणूस बरो असतलो."

मी हो म्हटलं. त्यांच्या हातातला पट्टा खाली घसरला होता, तो उचलला, आणि त्यांचा दंड धरून त्यांना घरी पोहोचवलं. त्या दिवशी मला त्यांना काही सांगावं लागलं नाही, आणि त्यानंतरही कधी लागलं नाही.